नागपुरातल्या पोट्ट्यांना वाइल्डलाइफ करिअरसाठी तयार करताना: नव्या शिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने

मी नागपुरात झूऑलॉजी शिकवते आणि दरवर्षी जुलैत ॲडमिशन आटोपले की पाच-सहा पोरं स्टाफरूमच्या दाराशी उभी असतात, "मॅडम, वाइल्डलाइफमध्ये जायचंय." पहिली दोन-तीन वर्षं मला यांचं काय करायचं तेच कळत नव्हतं, मी त्यांना सफारीला नेऊन आणायची, फोटो काढायचो, संपलं. त्यातल्या एकाचंही त्यानं काही भलं झालं नाही. नंतर हळूहळू शिकत गेले, वनखात्यातल्या लोकांकडून, संशोधकांकडून आणि जास्त करून पोरांकडूनच. तुम्ही नुकतेच कॉलेजात लागला असाल आणि तुमच्याकडेही अशी पोरं येऊन राहिली असतील तर हे तुमच्यासाठी लिहिते.

आपण नागपुरात आहोत ही फार मोठी गोष्ट आहे, ती आधी लक्षात घ्या. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय इथं सिव्हिल लाईन्सला, एनटीसीए म्हणजे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचं विभागीय कार्यालय इथं, वनविकास महामंडळ इथं, पशुवैद्यकीय विद्यापीठ इथं, गोरेवाड्याचं रेस्क्यू सेंटर आणि प्राणिसंग्रहालय इथं, सेमिनरी हिल्सला जखमी प्राण्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर. पेंच व्याघ्र प्रकल्प दोन तासांच्या आत, उमरेड-कऱ्हांडला आणि बोरची जंगलंही जवळच. पुण्या-मुंबईच्या पोरांना यासाठी सुट्टी काढून यावं लागतं.

१. पहिल्या भेटीत वाघ बाजूला ठेवा

पोरगं आलं की मी एकच विचारते, वाघ सोडून तुला जंगलातलं काय आवडतं? उत्तर आलं नाही तरी चालतं, घाबरवायचं नाही. पण पुढच्या महिन्याभरात त्यानं उत्तर शोधून आणायचं. कुणी म्हणतं साप, कुणी गवत, एका मुलीनं सांगितलं होतं की तिला नकाशे आवडतात, ती आज जीआयएसचंच, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचंच काम करते. हा प्रश्न मी यासाठी विचारते की वन्यजीव व्यवस्थापनात वाघाच्या मागे फिरणं फार थोडं असतं. पाणवठा, गवत, वणवा, रस्ते, गावातली गुरं, नुकसानभरपाईच्या फायली, कोर्टात टिकेल असा पंचनामा, हे सगळं जास्त असतं. पोराला हे पहिल्या वर्षी कळलं तर तो तयारीनं येतो, तिसऱ्या वर्षी कळलं तर तुटतो.

२. कुठले दरवाजे आहेत ते खरं खरं सांगा

इथं सगळ्यात जास्त गैरसमज असतात, म्हणून थोडं सविस्तर.

सरकारी नोकरी: वनरक्षक भरती (बारावीवर), एमपीएससीतून वनक्षेत्रपाल म्हणजे आरएफओ आणि सहायक वनसंरक्षक म्हणजे एसीएफ, आणि यूपीएससीची भारतीय वन सेवा. वन सेवेची पूर्वपरीक्षा २०१३ पासून सिव्हिल सर्व्हिसेसच्या पूर्वपरीक्षेसोबतच होते, मुख्य परीक्षा वेगळी, आणि दोन ऐच्छिक विषय घ्यावे लागतात. झूऑलॉजी-बॉटनी ही जोडी आपल्या पोरांना जमते, पण सगळ्या जोड्या चालत नाहीत, शेती आणि फॉरेस्ट्री एकत्र घेता येत नाही.

आता सापळा. तीन वर्षं क्लास लावून, पैसे घालून, मग पोराला कळतं की उंची कमी आहे. पुरुषांना १६३ सेंमी आणि मुलींना १५० सेंमी लागते, अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना सूट असते. शिवाय डोळे, रंगांधळेपणा. वन सेवेत वरून चालण्याची चाचणी असते, चार तासांत पुरुषांना २५ किमी, महिलांना १४ किमी. वनरक्षकाला पुरुषांना ५ किमी आणि महिलांना ३ किमी पळावं लागतं. म्हणून ज्याला खात्यात जायचंय त्याला मी पहिल्याच महिन्यात भिंतीला उभं करून टेपनं मोजते आणि डोळे तपासून यायला सांगते. वाईट वाटतं एखाद्याला, पण दुसरा रस्ता धरायला वेळ मिळतो.

संशोधन: डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूची एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस), अलीगढ मुस्लिम विद्यापीठ इथं वन्यजीवाचे मास्टर्स आहेत. एनसीबीएसचे प्रवेश दरवर्षी नसतात, एक वर्षाआड असतात, त्यामुळे पोरगं सेकंड इयरला असतानाच कॅलेंडर बघा. नाहीतर पास झाल्यावर एक वर्ष घरी बसणं येतं आणि विदर्भात घरी बसलेल्या पोराला, त्यातही पोरीला, वर्षभर कुणी बसू देत नाही.

करारावरची कामं: पेंच, ताडोबा यांची व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानं आहेत, ती अधूनमधून जीवशास्त्रज्ञ, जीआयएसवाले, उपजीविका तज्ज्ञ असे लोक घेतात. स्वयंसेवी संस्था आहेत, रस्ते-खाणींच्या पर्यावरण अहवालांची कामं आहेत, प्राणिसंग्रहालयात बायोलॉजिस्ट आणि शिक्षण अधिकारी असतात.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगाच. वन्यप्राण्यांचा डॉक्टर व्हायचं असेल तर बीव्हीएस्सी ही पशुवैद्यकीय पदवी लागते आणि तिच्यासाठी नीट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बीएस्सी झूऑलॉजी करून कुणी वाघाला डार्ट (बेशुद्धीचं इंजेक्शन) मारत नाही. दरवर्षी दोन तरी पालक हा गैरसमज घेऊन येतात.

३. शिकवायला सुरुवात कुत्र्यांपासून करा

जंगलात न्यायची घाई नको. पहिलं पूर्ण सेमिस्टर मी परवानगी लागणार नाही अशा जागी घालवते, कॉलेजचा कॅम्पस, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान, गोरेवाड्याची जंगलवाट.

वाघ मोजतात कसे हे पोरांना कुत्र्यांवरून फार छान समजतं. कॅम्पस आणि आजूबाजूच्या दोन गल्ल्या घ्या. सकाळी सहाला पोरं निघतात, दिसेल त्या प्रत्येक कुत्र्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढतात. दोन्ही बाजूंनीच का, हे त्यांना आधी सांगायचं नाही. नंतर फोटो जुळवायला बसले की त्यांनाच कळतं, डाव्या बाजूचा ठिपका उजवीकडे नसतो, मग हा तोच की दुसरा? वाघाचे पट्टेही दोन्ही बाजूंना सारखे नसतात, म्हणूनच कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, समोरासमोर जोडीनं लावतात. हे मी फळ्यावर दहा वेळा सांगून जे होत नव्हतं ते एका सकाळी होतं.

समजा पहिल्या दिवशी १८ वेगवेगळी कुत्री मिळाली. चार दिवसांनी परत तसंच, यावेळी २० मिळाली आणि त्यातली १२ आधीच्या फोटोंमधली निघाली. म्हणजे २० पैकी १२ ओळखीची, तर पहिल्या दिवशीची १८ ही एकूण कुत्र्यांच्या तेवढ्याच प्रमाणात होती असं धरायचं. मग अंदाज १८ गुणिले २० भागिले १२, म्हणजे ३०. आता पोरांना विचारा, हे कधी चुकेल? मधल्या काळात कुणी कुत्री उचलून नेली तर? एखादं कुत्रं दिवसा झोपून फक्त रात्री फिरत असेल तर? चायच्या टपरीजवळची कुत्री जास्त दिसतात त्याचं काय? हीच सगळी गृहीतकं वाघाच्या गणनेतही असतात. देशातली व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते, २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज आला. कुत्री मोजलेलं पोरगं हा आकडा पेपरात वाचतं तेव्हा ते "वाढले की कमी झाले" एवढ्यावर थांबत नाही, किती चौकिमीत कॅमेरे लावले होते आणि चूक किती धरली आहे ते विचारतं. हा प्रश्न विचारता आला की मला समाधान वाटतं.

दुसरा व्यायाम ट्रान्सेक्ट. सरळ रेषेत चालायचं, प्राणी किंवा मोर दिसला की किती होते, किती अंतरावर, आपल्या रेषेपासून किती अंशात, हे लिहायचं. ४० मीटरवर, ३० अंशात मोरांचा थवा दिसला तर रेषेपासूनचं लंब अंतर २० मीटर. शाळेतली त्रिकोणमिती इथं कामी येते आणि पोरांना फार मजा वाटते. अंतर डोळ्यानं सांगायची सवय सुरुवातीला चुकतेच, म्हणून टेपनं मोजून खात्री करायला लावा, दोन आठवड्यांत डोळा बसतो. मग झाडांचे प्लॉट, १५ मीटर त्रिज्येत झाडं, ५ मीटरमध्ये झुडपं, १ मीटरमध्ये गवत. व्याघ्रगणनेतही अधिवासासाठी असेच प्लॉट घेतात.

झाडं ओळखण्यात शहरातली पोरं मागे पडतात. माझ्याकडे देवलापारकडची एक मुलगी होती, इंग्रजी कच्चं म्हणून वर्गात तोंड उघडायची नाही. पहिल्या ट्रीपला ऐन, धावडा, मोवई, सालई, बिजा, लेंडिया ती चालता चालता सांगत गेली, कुठल्या झाडाची साल कोण खातं तेही, आणि बाकीचे वही घेऊन तिच्या मागे. त्या दिवसानंतर ती बोलायला लागली. जंगलालगतच्या गावांमधून आलेली पोरं तुमच्या वर्गात नक्की असतात, त्यांना शोधा, त्यांच्याकडे जे आहे ते आपल्या सिलॅबसमध्ये नाही.

४. परवानगीचे कागद किमान सहा महिने आधी

हा टप्पा मी फार महागात शिकले. एका मुलानं डेझर्टेशनला बिबट्याच्या विष्ठेवरून आहार हा विषय घेतला. आम्ही डिसेंबरात अर्ज टाकला, जानेवारीत काम सुरू करू म्हणून. मला वाटलं नुसती विष्ठा तर गोळा करायचीय, प्राण्याला हात पण लावायचा नाही. परवानगी आली तेव्हा उन्हाळा संपून गेला होता, आणि पोराला ऐनवेळी विषय बदलून शहरातल्या पक्ष्यांवर काम करावं लागलं. त्याचे मार्क गेले ते माझ्यामुळे, ही गोष्ट मला अजून लागते.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात संशोधनासाठी पाय ठेवायचा तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. नमुने गोळा करायचे असतील तर तसं अर्जात स्पष्ट लिहायचं, विष्ठा, केस, पीस, काहीही असो. या कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि आधीच्या सहा अनुसूचींच्या (कायद्याला जोडलेल्या याद्यांच्या) आता चार झाल्यात. जुन्या नोट्सवरून कॉपी केलेलं प्रपोजल तिथंच पकडलं जातं.

फाईलमध्ये आम्ही हे ठेवतो:

- कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र
- दोन-तीन पानांचं प्रपोजल, उद्देश, पद्धत, कुठल्या महिन्यात किती दिवस, किती माणसं
- जागेचा नकाशा, त्यावर रेंज, बीट आणि कंपार्टमेंट नंबर (वनखात्यानं पाडलेले जंगलाचे मोठ्याकडून लहान भाग)
- विद्यार्थ्यांचं बोनाफाईड, ओळखपत्र, आधारची प्रत
- मार्गदर्शकाचा बायोडाटा
- डेटा आणि अहवाल खात्याला देऊ असं हमीपत्र
- पालकांचं संमतीपत्र, मेडिकल फिटनेस, अपघात विम्याची प्रत (हे मागोत न मागोत, ठेवाच)

प्रपोजल मराठीतही एक पान लिहा. अर्ज मुख्यालयातून खाली रेंजपर्यंत जातो, आणि ज्या गार्डच्या बीटात पोरं फिरणार त्याला ती कशासाठी आलीत हे कळलेलं बरं. अर्ज टाकून गप्प बसू नका, पंधरा दिवसांनी जाऊन चौकशी करा, नम्रपणे. आपण नागपुरात असल्यानं हे शक्य आहे, पेंचच्या क्षेत्र संचालकांचं ऑफिसही इथंच आहे.

पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा गाभा बंद असतो, तेव्हा त्या महिन्यांत फील्डवर्क धरूच नका. तो काळ क्यूजीआयएस (नकाशांसाठी) आणि आर (आकडेवारीसाठी) ही सॉफ्टवेअर शिकवायला ठेवा, दोन्ही फुकट मिळतात.

५. जंगलातला पहिला दिवस बीट गार्डसोबत

जिप्सीत नको. रेंज ऑफिसला विनंती करून चार-पाच पोरांना एका गार्डसोबत एक दिवसाची गस्त चालू द्या, चाळीस पोरांची बस घेऊन जाऊ नका, तिची सहल होते. सकाळी संरक्षण कुटीपासून निघायचं, पाणवठे बघायचे, खुणा नोंदवायच्या, एम-स्ट्राइप्स या गस्तीच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर गस्त कशी चढते ते बघायचं. फेब्रुवारीत गेलात तर जाळरेषांचं (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेल्या पट्ट्यांचं) काम दिसेल, १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. पोरांना सांगून ठेवा, गार्डला प्रश्न विचारायचे ते "वाघ कुठंय" सोडून. एका वनरक्षक ताईंनी आमच्या मुलींना पंचनाम्याचा कागद उघडून दाखवला, गाय मारली गेली की सुळ्यांच्या खुणा कुठं आहेत, ओढून नेलं का, पगमार्क कुणाचे, हे सगळं कसं लिहितात, आणि ते नीट नसेल तर शेतकऱ्याचे पैसे कसे अडतात. मुली परतीच्या गाडीत त्याच्यावरच बोलत होत्या.

अस्वलाबद्दल आधीच समजावून सांगा. फील्डवरची माणसं वाघापेक्षा अस्वलाला जास्त जपून असतात, मोहफुलांच्या दिवसांत तर फारच. घोळक्यात राहायचं, बोलत चालायचं, इअरफोन अजिबात नाही. साप चावला तर कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, अवयव हलवायचा नाही, सरळ विष उतरवायचं इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात. तो दवाखाना कुठला हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा.

६. मग गावात न्या

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि बहुतेक कॉलेजं तो गाळतात. जंगल राखायचं म्हणजे बफरमधल्या, कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या गावासोबत रोज जगायचं. एप्रिल-मेत लोक पहाटे मोहफुलं वेचायला आणि पुढं तेंदूपत्त्याला जंगलात जातात, वाकून काम करतात, माणसं मारली जातात त्यातल्या कितीतरी घटना अशाच वेळच्या असतात. शेतीला वीज बऱ्याचदा रात्रीची मिळते, शेतकरी अंधारात मोटार चालू करायला जातो. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं पीक लोळवतात, कुणीतरी चिडून कुंपणात करंट सोडतो आणि त्यात वाघही मरतो, कधी माणूसही. हे सगळं एकाच साखळीतलं आहे आणि ते पोरांनी त्या गावात बसून ऐकलं पाहिजे.

प्रश्नावली पोरं करतात ती भयंकर असते. "तुम्हाला वाघ असावा असे वाटते का? होय/नाही." असं विचारल्यावर माणूस पाहुण्याला बरं वाटेल ते सांगतो. त्याऐवजी विचारायला लावा: गेल्या हंगामात किती रात्री जागल केली? जागलीला कोण जातं, तुम्ही की मुलगा? भरपाईचा अर्ज केला का, कितव्या दिवशी पैसे आले? गॅस आला त्यानंतर सरपणाला आठवड्यात किती वेळा जाता? (डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांत गॅस वगैरे कामं होतात, म्हणून हा प्रश्न.) आणि ज्या घरात माणूस गेलाय त्या घरी पोरांना वही-पेन घेऊन पाठवू नका. तुम्ही स्वतः जा, बसा, काही लिहू नका.

येता येता पेंचमधल्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचे प्राण्यांसाठी बांधलेले भुयारी मार्ग दाखवा, महाराष्ट्राच्या बाजूला लहान पूल धरून अशा नऊ रचना आहेत. रस्ता कुणी मागितला, कोर्टात कोण गेलं, रचना किती लांब असावी यावर किती वाद झाले, हे वर्गात एक पूर्ण तास चर्चेला पुरतं.

७. सामान

आठ बाय बेचाळीसची दुर्बीण दोघांत एक पुरे, महागडी नको. कंपास, ५० मीटर टेप, पेन्सिल (पेनची शाई घामानं आणि पावसानं पसरते), पाणी न लागणाऱ्या पिशवीत डेटाशीट. मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, दुपट्टा, ओआरएस. डीएसएलआर पहिल्या वर्षी घरी ठेवायला सांगा. आणि वाघ दिसला तर लोकेशन ग्रुपवर टाकायचं नाही, हा नियम मोडला तर पोरगं त्या वर्षी फील्डवर येत नाही, यात मी कुणाचंच ऐकत नाही.

८. पालकांशी, विशेषतः मुलींच्या

मी आई-बाबांना कॉलेजात बोलावते आणि सगळं सांगते, कुठं राहणार, संडास आहे का, मोबाईलला रेंज नसेल तेव्हा निरोप कसा येईल, सोबत कोण ताई आहेत. खात्यात आता महिला वनरक्षक, आरएफओ भरपूर आहेत, एखादीशी पालकांचं फोनवर बोलणं करून दिलं की निम्मी काळजी तिथंच जाते. पैशाचंही सांगते. प्रोजेक्टवरचं मानधन कमी असतं, दोन-तीन वर्षं करारावर निघतात, शेतीच्या घरातल्या पोराला हे झेपेल का याचा हिशोब त्याच्यासोबत बसून मांडा. ज्याला झेपत नाही त्याला बीएड, बँकेची परीक्षा सोबत करू द्या, त्यात काही कमीपणा नाही.

९. इंटर्नशिप घेताना चार प्रश्न

नवीन शैक्षणिक धोरणात ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग) आणि फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, त्यामुळे आता सगळेच इंटर्नशिप शोधतात आणि त्यांना फसवणारेही तयार झालेत. माझी एक विद्यार्थिनी फी भरून एका ठिकाणी गेली आणि महिनाभर पाहुण्यांचे फोटो सोशल मीडियावर टाकत बसली. तेव्हापासून आम्ही आधीच विचारतो: मी नेमका कुठला डेटा गोळा करणार? त्याची परवानगी कुणाच्या नावावर आहे? रोज माझं काम कोण तपासणार? अहवालात माझं नाव येईल का? उत्तरं लेखी आली नाहीत तर जाऊ देऊ नका, सर्टिफिकेट कितीही चकचकीत असो.

१०. शिफारसपत्र

"हुशार, मेहनती आणि निसर्गप्रेमी" असं लिहिलेलं पत्र कुणी वाचत नाही. पोरानं काय केलं ते लिहा: किती किमी ट्रान्सेक्ट चालला, किती प्लॉट टाकले, डेटा चुकला तेव्हा स्वतः येऊन सांगितलं का, गटात भांडण झालं तर कसं वागला. यासाठी मी प्रत्येकाच्या नावाची एक वही ठेवते, फील्डवरून आल्या आल्या चार ओळी, नाहीतर दोन वर्षांनी काही आठवत नाही. पत्रावर तुमचा मोबाईल नंबर टाका, कारण घेणारे लोक खरंच फोन करतात. मे-जूनमध्ये अनोळखी नंबरवरून फोन आला तर तास चालू असला तरी बाहेर येऊन उचला.